फक्कीची वर्तुळं

प्रत्येक प्राणी या पृथ्वीवरून जाताना आपली खूण मागे ठेवून जातो. हे वाक्य मी एका मांडवात, कर्ण्यातून, एका मोठ्या वनाधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि समोर बसलेल्या गावाने त्यावर टाळ्या वाजवल्या. वाक्य खरं आहे. लांडगा आपली खूण बहुधा गाडीवाटेच्या मधोमध, जरासा उंचवटा बघून ठेवतो. त्या दिवशी मात्र ती तिथे नव्हती. कुठे गेली हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं. आम्हाला ते भाषणं संपल्यावर कळलं.

मी त्या गावचा जावई. शिरूर तालुक्यातलं, भीमेपासून थोडं वर चढल्यावर लागणारं गाव. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर हे वाचून ते माझा सत्कार करतील. जावयाला तिथे मोठा मान असतो. म्हणजे त्याला खुर्ची मिळते, फुटका कान नसलेल्या कपातून चहा मिळतो आणि त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही. नोकरीला मी दौंडला होतो, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला. जावई आणि वर प्राध्यापक असा माणूस कोणत्याही समारंभाला आभारप्रदर्शनासाठी आयता सापडतो.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं झाली होती. गावातली तरणी माणसं पाळीप्रमाणे कंपनीच्या बसने रांजणगावला जायची. गावाच्या तीन बाजूंना ऊस होता आणि चौथ्या बाजूला गायरानाचा माळ. कुसळी गवत, तरवड, मुरमाड उतार, मधूनच एखादं हिवर. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं बघणाऱ्या प्रत्येकाचं मत पडे. सरकारदरबारी त्याचं वर्णन ‘पडीक’ असं होतं. पडीक जमिनीवर चिंकारा चरत होते, खोकड बिळं करत होती आणि एका ओघळीच्या कपारीत लांडग्यांची एक जोडी दरवर्षी थंडीत पिल्लं घालत होती. पण यातल्या कोणाच्याही नावावर सातबारा नव्हता.

माळ वापरणारा माणूस एकच उरला होता. आप्पा. एके काळी त्यांच्या आळीतल्या प्रत्येक घरी मेंढरं होती. मग विहिरी झाल्या, ऊस आला, पोरं कंपनीत लागली आणि मेंढरं एकेक करून बाजारात गेली. आप्पांनी मात्र कळप ठेवला, आणि तो फक्त माळावर चरू शकत होता. बाकी सगळीकडे पीक. “माजं मेंढरू उसात शिरलं तर काठी,” आप्पा म्हणायचे, “आन् ऊस माज्या माळात शिरला तर इकास.”

आता ऊससुद्धा शिरणार नव्हता. गायरान एका कंपनीला द्यायची बोलणी चालली होती. सरपंच या बोलण्यांबाबत अतिशय तटस्थ होते. म्हणजे कंपनीचा साहेब आला की त्यांच्या गाडीत बसत आणि आप्पा आले की त्यांना चहा पाजत. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून तो वाईट होता असं वाटेल, आणि तसं वाटलं की आपण सगळे सुटतो. उत्साही होता. आदल्या वर्षी त्याने गावाला स्वच्छता अभियानात उतरवून तालुक्यात दुसरा नंबर आणला होता. वेशीवर त्याचा फलक होता. ‘दुसरा’ हा शब्द लहान अक्षरात.

याच सुमारास कॉलेजात माझ्याकडे एक बाई आल्या. मूळच्या अमरावतीकडच्या, संशोधन दूरच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत. वय पंचविशीच्या आसपास, पायात खेळाडूंचे बूट, पाठीवर पिशवी. त्या लांडग्यांच्या जनुकांचा अभ्यास करत होत्या. माझ्या खोलीत काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक लांडगा होता. कोणा इनामदाराने कॉलेजला भेट दिलेला, डोळे बाहुलीचे, एक कान वाळवीने नेलेला. बाईंनी सगळ्यात आधी त्याची चौकशी केली. मग माझ्या परवानगीने त्याच्या पंजाच्या गादीचा नखाएवढा तुकडा काढून घेतला आणि पिशवीत घातला. माझ्या आयुष्यात त्या लांडग्याचा कोणी शास्त्रासाठी उपयोग केल्याची ती पहिली वेळ. एरवी तो तपासणी समितीला दाखवायच्या कामी यायचा.

त्यांचं काम त्यांनी मला दहा मिनिटांत समजावलं, आणि मी वीस वर्षं शिकवत असलेलं काहीच त्यात नव्हतं. लांडगा दिसायची गरज नाही, पकडायची तर नाहीच. त्याची ताजी विष्ठा पुरते. विष्ठेच्या बाहेरच्या अंगाला आतड्याच्या पेशी चिकटून येतात. त्यांतून डीएनए निघतो. त्यावरून हा लांडगा की कुत्रा, नर की मादी, किती जण आहेत, कोण कोणाचं पिल्लू, नदीपलीकडच्या लांडग्यांशी यांचं नातं उरलंय की हे एकटे पडलेत, सगळं काढता येतं. गावकुत्र्यांची भेसळ झाली असेल तर तीही कळते. पथ्य एकच. प्रत्येक नमुन्याला नवा हातमोजा, नवी काडी, नवी पिशवी. एकाची दुसऱ्याला लागली की दोन्ही वाया.

“आणि कळून काय होईल?” मी विचारलं.

“इथे लांडग्यांचं कुटुंब वाढतंय असं सिद्ध झालं तर वनखातं माळ राखायचं पत्र देईल. तसं मोठे साहेब म्हणालेत. जमिनीची बैठक मार्चअखेर आहे. त्याच्या आत पुरावा हवा.”

“पुरावा आप्पा देतील की. ते रोज बघतात.”

“तोंडी चालणार नाही म्हणाले.”

आप्पा हा तोंडी पुरावा होता. बाकी सगळ्या गोष्टींना त्यांची साक्ष चालत होती. दोन लग्नं आणि एक फौजदारी त्यांच्या शब्दावर उभी होती.

पुढच्या रविवारी मी बाईंना माझ्या एम-एटीवर मागे बसवून गावात नेलं. त्यामुळे माझ्या सासरी जी चर्चा झाली ती वेगळी. आप्पा माळावरच भेटले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि चेहऱ्यावर कोणत्याही नव्या माणसाला आधी तोलून बघायची सवय. बाईंनी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“पाव्हणं, ह्या बाय काय म्हणत्यात? लांडग्याच्या गुवावरनं लांडगं मोजायचं?”

“हो आप्पा.”

“मंग खानेसुमारीला आमच्या घरी येऊन नावं कशापायी इचारत्यात? तसंच मोजा की.”

बाई खळखळून हसल्या आणि तिथेच त्यांचं जमलं. आप्पांची एक शंका मात्र पुष्कळ दिवस गेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक चांगला मेंढा लांडग्याने नेला होता, आणि या तपासणीने तो नेमका कोणत्या लांडग्याने नेला ते कळेल, अशी त्यांची आशा होती. कळलं तर काय करणार, असं मी विचारलं. “करायचं काय? नुसतं तोंड बगायचंय त्याचं,” ते म्हणाले. लांडग्यावर त्यांचा राग होता, पण तो भाऊबंदकीतला राग होता. “लांडगा न्हेतो वर्साला दोन-तीन. कंपनी समदंच न्हील. इचार करून दुश्मन निवडावा मानसानं.”

बाई त्या हिवाळ्यात गावातच एका खोलीत राहिल्या. गावाने त्यांचं नाव ‘लांडग्याच्या मॅडम’ असं ठेवलं. पण त्यांना विष्ठेला हात लावता येत नव्हता, कारण परवानगी आली नव्हती. लांडगा आपल्या कायद्याने इतका जपलेला आहे, की त्याची विष्ठा उचलायलाही सरकारी परवानगी लागते. लांडगा मारायला लागत नाही. मारणारा मागायलाच जात नाही. सप्टेंबरात केलेला अर्ज पुण्याहून नागपूरला गेला, नागपूरहून परत पुण्याला आला आणि तिथे विसावला. बाई फोन करत, साहेब मीटिंगमध्ये असत. तोवर कपारीत पिल्लं झाली. आप्पांनी ती लांबून पाहिली आणि येऊन सांगितलं, तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. पिल्लं आहेत म्हणजे जोडी सारखी त्याच वाटांनी ये-जा करणार, एकाच आठवड्यात पुरेसे ताजे नमुने मिळणार. थंडी होती, ऊन कोवळं. विष्ठा आठवडाभर टिकली असती.

मग परवानगी आली. सोबत एक इच्छा आली. मोठ्या साहेबांना या कामाचा ‘शुभारंभ’ स्वहस्ते करायचा होता. तालुक्यात असं संशोधन प्रथमच होत असल्याने त्याला योग्य ती प्रसिद्धी मिळावी, असं त्यांना वाटत होतं. तारीख त्यांच्या सोयीची ठरली. त्याआधी एकही नमुना उचलायचा नाही. उचलला तर शुभारंभ कशाचा?

बाईंनी यातूनही वाट काढली. रोज सकाळी त्या आणि आप्पा वाटांनी फिरत. ताजी विष्ठा दिसली की तिच्याभोवती पांढरी फक्की टाकून वर्तुळ काढत. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायची फक्की उरलेली होती. वर्तुळ असलं की मेंढरं तिथून वळवायची, आणि कोणती विष्ठा या आठवड्यातली तेही कळायचं. समारंभाआधीच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होतो. तांबूस माळावर ती पांढरी वर्तुळं लांबून फार सुंदर दिसत होती. प्रत्येकात मधोमध एक काळपट, केसांनी भरलेला पुरावा. बाई म्हणाल्या, “सर, एवढं मिळालं तर बैठकीत कोणी नाही म्हणू शकणार नाही.” आप्पा मेंढरांना शिव्या देत लांब हाकत होते, पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने जाणाऱ्या मेंढरांना अचानक पडलेलं वळण समजत नव्हतं.

समारंभाची जबाबदारी सरपंचांनी घेतली. आदल्या दिवशी मला फोन. “दाजी, सकाळी लवकर या. आभार तुमच्याकडं. आन् काळजी करू नका, माळ असा चकाचक केलाय, की साहेबाला वाटंल पुण्यात आलो.”

मला वाटलं, मांडवाची जागा म्हणतात.

मांडव माळावरच होता. कपारीपासून हाकेच्या अंतरावर, कारण ‘प्रत्यक्ष ठिकाणी’ कार्यक्रम झाला पाहिजे असं साहेबांच्या कार्यालयाचं म्हणणं होतं. गालिचा, खुर्च्या, दोन मोठे कर्णे, जनरेटर. शाळेच्या मुली स्वागतगीतासाठी ओळीत. पिशवी घेऊन बाई एका कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना त्या सकाळी माळावर फिरू दिलं नव्हतं, कारण तयारी चालू होती आणि ‘मॅडम तुम्ही पाव्हण्या’. साहेब यायला उशीर झाला. तोवर कर्ण्यावर देशभक्तीची गाणी लागली. कपारीत दीड महिन्याची पिल्लं ती ऐकत होती.

साहेब आले, नारळ फुटला, शाली झाल्या. एक शाल मलाही मिळाली. सरपंच बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या गावचा लांडगा आता इंटरन्याशनल होणार. मग आवाज चढवून: “मॅडम त्याचं रक्त तपासणार हायेत. कुत्र्याची भेसळ हाय का, ते बगणार हायेत. मी आज साहेबांसमोर सांगतो, आपल्या मातीत भेसळ न्हाई! आपला लांडगा शुद्धच निघणार!” टाळ्या. जिथे सोयरीक जमवताना मुलापेक्षा त्याच्या पणजोबांची जास्त चौकशी होते, त्या गावाला जनुकशास्त्र समजावून सांगायची गरजच नव्हती.

त्यानंतर साहेबांनी ते खुणेचं वाक्य म्हटलं. मग खाली उतरून, बाईंकडून हातमोजे घेऊन, फोटोवाल्याला पुढे घालून ते पहिल्या वर्तुळाकडे निघाले. मागे आम्ही सगळे.

वर्तुळ नव्हतं. तिथे खराट्याच्या अर्धगोल रेघा होत्या, वर पाण्याचा सडा मारलेला होता आणि कोणी तरी हौसेने चार ठिपक्यांची रांगोळी काढली होती. बाई पुढे धावल्या. दुसऱ्या ठिकाणीही खराट्याच्या रेघा. तिसऱ्या ठिकाणीही. ओघळीपर्यंतची सगळी गाडीवाट देवळाच्या ओट्यासारखी लख्ख होती.

सरपंच अभिमानाने फुलले होते. “मॅडम, तुम्ही फक्की मारलेली एक बी जागा सोडली न्हाई. बचत गटाच्या पंधरा बाया लावल्या व्हत्या.”

बाईंना कळेना. मला कळलं. अभियानाच्या वर्षी भल्या पहाटे तालुक्याचं पथक यायचं. उघड्यावर कोणी बसून गेलं असेल त्या प्रत्येक जागेभोवती फक्कीचं वर्तुळ काढायचं आणि जायचं. दुपारच्या आत गावाने ती घाण उचलायची. संध्याकाळी पथक पुन्हा येऊन बघायचं. एक वर्ष गावाने तेवढंच केलं होतं. फक्कीचं वर्तुळ म्हणजे गावाची लाज. दिसली की उचलायची. मॅडम शहाण्या, त्यांनी आधीच सगळीकडे खुणा करून ठेवल्या, असं समजून गावाने पाहुण्यांसाठी आपली लाज उचलली होती.

“कुठे टाकलं ते?” बाईंनी विचारलं. आवाज फार हळू होता.

“गांडूळखताच्या खड्ड्यात. वाया घालवत न्हाई आपण काही.”

“अहो, मला तेच हवं होतं. मी तेच गोळा करायला आलेय.”

सरपंचांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. “ती घाण? मॅडम, मला वाटलं तुम्ही लांडग्यावर काम करताय.” एवढं बोलून ते थांबले आणि आजूबाजूला बघू लागले, जणू कोणी तरी हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं. मी दोनदा सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा ‘दाजींची चेष्टा’ म्हणून हसून घेतलं होतं.

साहेबांची गाडी चालू होती. त्यांना पुढे पाटसला दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी प्रसंग सावरला. बाईंच्या पिशवीतली एक नळी हातात घेतली, उन्हाकडे धरली, फोटो झाला. तो फोटो दोन दिवसांनी छापून आला. नळी रिकामी आहे हे त्यात दिसत नाही. मग आम्ही मांडवात परतलो आणि मी आभार मानले. मधे सरपंचांची चिठ्ठी आली, त्याप्रमाणे बचत गटाच्या महिलांचे विशेष आभार मानले. त्यांनी लाजून पदर सारखे केले. पहाटे थंडीत उठून त्यांनी खरोखरच फार मन लावून काम केलं होतं.

आप्पा मांडवाबाहेर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मला वाटलं आप्पा आता सरपंचांची आई-बहीण काढतील. ते तसे कमी नव्हते.

“बोला की काही तरी, आप्पा,” मी म्हटलं.

“कुणाला बोलू?” ते म्हणाले. “घर झाडलं म्हनून कोन भांडतं व्हय?”

नंतरचे दिवस बाईंनी एकच काम केलं. पहाटे उठून वाटांनी फिरायचं, नवी खूण शोधायची. मिळाली नाही. चौथ्या का पाचव्या सकाळी आप्पा त्यांना कपारीपर्यंत घेऊन गेले. आत हाडं होती, चावलेली एक चप्पल होती, पिल्लांच्या अंगाचा वास होता. पिल्लं नव्हती. कर्णे, जनरेटर, पंधरा बायका आणि दोनशे माणसं यांच्यानंतर लांडगीने जे करायचं तेच केलं. एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. नदीपलीकडे गेली असं कोणी म्हणालं, कोणी उसात म्हणालं. उसात गेली असेल तर तोडणी चालू होती.

सरपंचांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी भरपाई केली. एका दुपारी बाईंच्या खोलीसमोर ट्रॅक्टर थांबला आणि दोन गच्च भरलेली पोती उतरली. खड्ड्यातून काढलेली. वरून सरपंचांचा निरोप: “कमी पडलं तर अजून सांगा. गावच्या कुत्र्यांचं बी टाकलंय, वजन भरावं म्हनून.”

बाईंनी पोत्यांची तोंडं सोडली. मग त्यांनी हातमोजे घातले. मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, “सर, दुसरं काय आहे माझ्याकडे?” त्यातल्या त्यात अखंड दिसणारे तुकडे त्यांनी वेचले. प्रत्येकाला नवा हातमोजा, नवी काडी, नवी पिशवी. आप्पा बघत होते. “आता कशाला येवडं सोवळं, पोरी,” एवढंच म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी तिला पोरी म्हटलं.

निकाल यायला अडीच महिने लागले. एकेका तुकड्यात तीन-तीन, चार-चार प्राणी निघाले. कुत्रा, मेंढी, माणूस. काहींत लांडगाही होता, पण तो मूळचा त्या तुकड्यातला की शेजारच्याचा लागलेला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बाई प्रामाणिक होत्या. हा त्यांचा मोठा दोष. त्यांनी अहवालात तसंच लिहिलं: नमुने एकमेकांत मिसळलेले असल्याने त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही, अभ्यास पुन्हा करावा. मी म्हटलं, थोडं सावरून लिहा, लांडगा निघालाच आहे ना? “असं एकदा केलं, की नंतर मी खरं बोलले तरी ते खरं राहणार नाही,” त्या म्हणाल्या. मला राग आला होता. त्यांच्यावर नाही, पण त्या क्षणी समोर त्याच होत्या.

दौंडच्या माझ्या खोलीत त्या शेवटच्या आल्या त्या हा अहवाल घेऊन. जाताना म्हणाल्या, तुमच्या कपाटातल्या लांडग्याचा निकाल मात्र स्वच्छ आलाय. अस्सल देशी लांडगा, कुत्र्याचा अंशही नाही. आमच्या सगळ्या मुलखात लांडगा आहे याचा निर्विवाद शास्त्रीय पुरावा एवढाच: पेंढा भरलेला, बाहुलीच्या डोळ्यांचा, एका कानाचा. एवढं सांगून बाई पुण्याच्या गाडीला गेल्या. पुढे त्यांनी वटवाघळांवर काम केलं असं ऐकलं. वटवाघळं गुहेत राहतात. तिथे कोणी झाडायला जात नाही.

बैठकीला मी नव्हतो. सरपंच होते. ते परत आले त्या संध्याकाळी मी योगायोगाने सासरीच होतो, आणि आप्पाही ओट्यावर येऊन बसले होते. माळाचं काय झालं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

“काय झालं?” मी विचारलं.

“लांडगा निघाला न्हाई, दाजी.”

“निघाला नाही म्हणजे? निष्कर्ष काढता येत नाही असं लिहिलंय. लांडगा नाही असं कुठे लिहिलंय?”

“तेच ते. साहेब म्हनले, लांडगा हाय असं शास्त्रानं सिद्ध होत न्हाई. मोठे साहेब स्वतः म्हनले. आता सायन्सच म्हनतंय म्हटल्यावर मी काय करनार? तुम्ही तर शिकवता की सायन्स.”

आप्पा उठले. धोतर झटकलं. “म्या काल बगितला,” ते म्हणाले. “वढ्याला पानी पीत व्हता.”

“आप्पा, तुमी बगून काय उपेग?” सरपंच समजुतीने म्हणाले. खरंच समजुतीने.

आप्पा हसले. “व्हय बाबा. डोळं माजं. सरकारचं न्हाईत.”

गायरान गेलं. तारेचं कुंपण झालं, मग भिंत झाली. आप्पांनी एक वर्ष रस्त्याच्या कडेकडेने मेंढरं चारली. ट्रकखाली गेली ती गेली, उरलेली बाजारात दिली. लांडग्याने त्यांची वर्षाला दोन-तीनच नेली होती. त्यानंतर ते माझ्याशी लांडग्याबद्दल बोलले नाहीत. भेटले की तब्येतीची चौकशी करत, माझ्या एम-एटीची करत. एकदा फक्त भिंतीकडे काठी दाखवून म्हणाले, “लई सोच्छ ठेवलंय आतून.”

ते खोटं नव्हतं. आत हिरवळ आहे, कारंजं आहे, आणि फाटकाशी एक फलक आहे. त्यावर पर्यावरणाबद्दल दोन वाक्यं आहेत. त्यातलं एक मी मांडवात ऐकलेलं आहे.

राखणीला कंपनीने दोन अल्सेशियन ठेवलेत. लांबून बघितलं तर थेट लांडगे. त्यांची देखभाल आप्पांच्या धाकट्या मुलाकडे आहे, कंत्राटावर. कंपनीचा नियम असा, की कुत्र्यांची विष्ठा जागेवर पडू द्यायची नाही; दिसताक्षणी उचलायची, दर वेळी नवा हातमोजा, नवी पिशवी, दोन्ही कुत्र्यांची वेगवेगळी. महिन्यातून एकदा त्यातली थोडी जंतांच्या तपासणीसाठी पुण्याला जाते. अहवाल वेळेवर येतो.